नानांनी निवडलेली चित्रं

राजेंद्र नगर, इंदूर
२ ऑगस्ट २०२५

प्रिय यशोधन,

अक्षर ओळखून पाकीट तसंच परत पाठवू नकोस, एवढी मेहरबानी कर. माझा नंबर तू ब्लॉक केला आहेस आणि मेल उघडत नाहीस, म्हणून पद्मजामावशीकडून तुझा नागपूरचा पत्ता घेतला. देण्याआधी तिनं मला पाऊण तास झापलं आणि मी ते निमूट ऐकून घेतलं. मी निमूट ऐकलं, यावरून काय ते समज.

नानांना अठरा जूनला पक्षाघाताचा झटका आला. आता काठीच्या आधारानं चार पावलं चालतात. उजवा हात अजून कामाचा नाही. पण खरं गेलंय ते बोलणं. डॉक्टर म्हणतात, त्यांना सगळं समजतं, माणसं ओळखतात, फक्त हवा तो शब्द सापडत नाही. एकच शब्द शाबूत राहिलाय : ‘अरे’. भूक लागली की अरे, पंखा नको असला की अरे. मी त्यांची सख्खी मुलगी, मीही अरे. वीज मंडळात छत्तीस वर्षं लोकांच्या अर्जातल्या चुका काढणारा माणूस हा, आणि आता त्यांची ही गत बघवत नाही रे.

महिनाभरापासून ते काहीतरी मागताहेत. सकाळचा चहा झाला की डाव्या हातानं हवेत एक मोठा आडवा चौकोन काढतात, माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, “अरे?” मी खिडकी उघडली, टीव्ही लावला, आईचा फोटो भिंतीवरून काढून हातात दिला. दरवेळी मान फिरवतात. मग दुपारपर्यंत माझ्याकडे बघत नाहीत.

बोलणं शिकवायला सुनीताजी येतात आठवड्यातून दोनदा. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते आहेत : पेला, कंगवा, गाय. गाईचा पत्ता नानांनी फेकून दिला. सुनीताजी हसल्या, म्हणाल्या, “अब क्या करें अनुश्रीजी, इतकेच पत्ते आहेत माझ्याकडे.” तेव्हा माझ्या डोक्यात आलं की पत्ते तर माझ्याकडे कोट्यवधी आहेत.

मी अजून पलासियाच्याच ऑफिसात आहे. काम तेच, दुसऱ्यांच्या वेबसाइटसाठी विषय शोधून द्यायचे. त्यासाठी चित्रांचं सर्च वापरतो आम्ही. ‘जिना’ टाकला की जिन्यांचे फोटो येतात आणि वर छोट्या पट्ट्यांमध्ये लोकांनी त्या शब्दाबरोबर आणखी काय शोधलं ते दिसतं : लोखंडी, छोट्या घरासाठी, गच्चीवर जाणारा. एक पट्टी दाबली की पुढच्या पट्ट्या उघडतात. चार-पाच पट्ट्या उतरलं की लोकांच्या मनात नेमकं काय आहे ते हाती लागतं. याला आम्ही कीवर्ड काढणं म्हणतो. मग नानांच्या मनातला कीवर्ड मला काढता येणार नाही?

काल ऑफिसचा टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. अर्धा तास डाव्या हाताच्या बोटानं चित्रं सरकवत बसले आणि एका चित्रावर थांबले. पिवळी भिंत. नुसती पिवळ्या रंगाची भिंत, शेजारी कुंडी. तीन वेळा बोट आपटलं.

पिवळ्या भिंतीवरून तुला काही आठवतं का? तुला पत्र टाकण्याचं कारण हेच. आईच्या तेराव्याला पायात चपला घालताना तू म्हणालास, नानांनी स्वतः बोलावलं तरच या घरात येईन. आता ते बोलू शकत नाहीत. आणि ते जे मागताहेत ते तूच असशील, आणि मी त्यांना टीव्ही लावून देत असेन, तर?

अनुश्री


१७ ऑगस्ट

यशोधन,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तू ते वाचलंस असं मी धरून चालते. उत्तर नाही दिलंस तरी हरकत नाही. मला सापडलंय!

रोज सकाळी तासभर आम्ही बसतो. मी वहीत लिहून ठेवते. पिवळ्या भिंतीनंतर लोखंडी जिना. मग लाकडी लांब बाक, घराच्या प्रवेशाशी ठेवतात तसला. मग भिंतीवरचं मोठं गोल घड्याळ. आणि परवा जुनी पत्र्याची पेटी. हल्ली लोक ती रंगवून दिवाणखान्यात टेबलासारखी ठेवतात, त्याचा फोटो. पेटीवर तर त्यांनी टॅब उचलून मलाच दाखवला.

मी प्रत्येकाच्या पट्ट्या उतरत गेले. भिंतीखाली सगळ्यात पुढे होतं ‘मुलाची खोली’. जिन्याखाली ‘गच्चीवरची खोली’. बाकाखाली ‘पाहुण्यांसाठी’. आता तूच सांग. गच्चीवरची खोली, मुलाची, माणूस यायचा आहे म्हणून तयार करायची! नाना तुझी खोली लावायला सांगताहेत यशू. हवेतला चौकोन म्हणजे खोली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

त्यांना विचारलं, “नाना, वरची खोली?” त्यांनी बराच विचार केला आणि “अरे” म्हणाले. हो म्हणाले की नाही, ते मला ठामपणे सांगता येणार नाही. पण दहा वर्षं मी हेच काम करते. एकदा चूक होईल, पाचही चित्रांत कशी होईल?

आता ते आधी होते तसे राहिले नाहीत, हे लक्षात घे. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. माणूस आतून बोलावतोय, बाहेर आवाज येत नाही एवढंच. याहून निराळं बोलावणं काय असतं? आईच्या वेळचे ते चार दिवस विसर आता. त्या चार दिवसांत कुणाचं काय चुकलं ते उकरून कुणाचंच भलं व्हायचं नाही.

ये. दसऱ्याला ये.

ताई


५ सप्टेंबर

यशू,

तुझं पोस्टकार्ड आलं. दोन ओळी. “नाना माझ्यासाठी खोली लावणार नाहीत, तू काहीतरी भलतंच वाचते आहेस. तरी दसऱ्याचं रिझर्वेशन केलं आहे.” पहिल्या ओळीचा राग आला आणि दुसरीनं तो गेला. पण आता हे लिहिताना मला कशाचीच खात्री राहिलेली नाही.

खोली रंगवून घेतली. रंगारी रजत भिया म्हणाला, “दीदी, इतना पीला? डोळे दुखतील हां.” म्हटलं, वडिलांनी निवडलाय, तू लाव. बाक आणला, घड्याळ टांगलं, आईची पत्र्याची पेटी माळ्यावरून उतरवून पुसली. जिना आहेच लोखंडी. फोटोत होतं तसं सगळं मांडलं. रविवारी शेजारच्या दोघांनी नानांना खुर्चीत बसवून वर नेलं.

ते दारात थांबले. भिंतीकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. मी वाट बघतेय की आता हसतील. हसले नाहीत. मग काठी टेकत बाकावर जाऊन बसले, पेटी पायाशी ओढायला लावली आणि घड्याळाकडे बघत राहिले. अर्धा तास! मी म्हणते, नाना, आवडली का खोली? घड्याळावरची नजर हलत नाही. चहा देते, घेत नाहीत. दारातून आम्हाला बाजूला व्हा म्हणून हात करतात. शेवटी खाली न्यायला लागलो तेव्हा एकदम रडायला लागले, आणि त्या ताज्या रंगाच्या भिंतीवर डाव्या हाताची थाप मारली. पंजा उमटलाय तिथे.

मला काही समजत नाही. खोली नको होती तर बाकावर बसले का? हवी होती तर रडले का? परत सकाळी चहा झाला आणि परत हवेत चौकोन. मी पहिल्यापासून सगळ्या नोंदी काढून बसले. पट्ट्या बरोबर आहेत, आकडे बरोबर आहेत, माणूस मात्र रडतोय.

तू रिझर्वेशन केलंस ते माझ्या शब्दावर. तू दारात उभा राहिलास आणि त्यांनी मान फिरवली तर? सहा वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर ते तुला म्हणाले होते, “परका माणूससुद्धा वेळेवर येतो.” ते वाक्य तुला लागलं तसं मलाही लागलं होतं. माझं कारण वेगळं आहे. तेच लिहायला मी बसले होते, पण आज नाही जमत.

तुला काही सुचलं तर कळव. मी घाबरले आहे.

ताई


१४ सप्टेंबर

यशू,

हे पत्र नीट बसून वाच. यात दोन गोष्टी आहेत आणि दुसरी वाचून तू मला कदाचित कधीच माफ करणार नाहीस.

पहिली गोष्ट. काल आमच्या ऑफिसातली मिताली नानांना बघायला आली. चोवीस वर्षांची आहे, भंवरकुआंला पेइंग गेस्ट राहते. मी तिला सगळी कहाणी सांगितली, वही दाखवली, टॅब दाखवला. तिनं टॅब बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दीदी, ये तो ऑफिसवालं अकाउंट आहे ना? फर्निचरवाल्या क्लायंटचं?”

“हो. मग?”

“मग याच्यात दुसरं काय दिसणार? दहा साल से आपण याच्यावर सोफे आणि पडदेच तर शोधतोय. आता ते सगळ्यांना घरच दाखवणार ना.”

यशू, नवशिक्या पोरींना पहिल्या दिवशी हेच मी शिकवते. क्लायंटचं अकाउंट बंद करा, कोरं उघडा, मग शोधा, नाहीतर आपलीच जुनी आवड आपल्याला परत दिसते. आणि बापाच्या वेळी मीच ते विसरले. नानांसमोर मी जगातली सगळी चित्रं ठेवलीच नव्हती. दिवाणखाने ठेवले होते. त्यांतल्या त्यात त्यांना हवं होतं त्याच्या जवळचं जे दिसलं, त्यावर ते बोट ठेवत गेले.

मितालीनं स्वतःचा फोन काढला, कोरं अकाउंट उघडलं आणि माझी वही बंद करून बाजूला ठेवली. म्हणाली, “शब्द मत डालो. नानाजींना बोलूच द्या.” पाचही चित्रं तिनं नानांच्या समोर ओळीनं ठेवली. पिवळं, जिना, बाक, घड्याळ, पेटी. त्यांच्याकडे बघत ती पुटपुटली, “हे सगळं एकत्र कुठे असतं?” आणि मला तेव्हाही समजलं नाही! त्या पोरीनं कुठलासा फोटो शोधून काढला : प्लॅटफॉर्म, लोखंडी पूल, पुलाचा जिना, बाकावर सामान घेऊन बसलेली माणसं, वर घड्याळ.

नाना अर्धे उठले. मी त्यांना सावरायला धावले तर मला बाजूला सारलं. फोटोच्या कोपऱ्यात स्टेशनच्या नावाची पिवळी पाटी होती. तिच्यावर बोट. मितालीनं फक्त पाटीभोवती चौकट ओढली. चित्राचा तेवढाच तुकडा घेऊन तसलीच चित्रं शोधता येतात. पिवळ्या पाट्याच पाट्या आल्या. आडव्या, चौकोनी. नाना स्वतः सरकवायला लागले. उज्जैन गेलं, भोपाळ गेलं, इटारसीवर थोडे रेंगाळले. मग नागपूर आलं. त्यावर त्यांनी अंगठा असा दाबून धरला की फोन भलतंसलतं विचारायला लागला. अंगठा उचलेनात.

राजेंद्र नगरात राहतो आपण, घरात बसून रेल्वेचा भोंगा ऐकू येतो, आणि मला सुचला तो रंगारी.

मी विचारलं, “यशूला बोलवायचं?” मान फिरवली. मिताली म्हणाली, “नानाजी, तुम्हाला जायचंय?” तर त्यांनी मान हलवली. एकदा नाही, हलवतच राहिले. ते तुला बोलावत नाहीत यशू. ते तुझ्याकडे यायला निघालेत. आम्ही त्यांना उचलून गच्चीवर नेलं आणि ते तिथे गाडीची वाट बघत बसले.

आता दुसरी गोष्ट.

आई हॉस्पिटलात होती ते चार दिवस नानांनी मला रोज विचारलं, यशोधनला कळवलंस का? आणि मी रोज सांगितलं, कळवलंय, येतोय. मी कळवलं नव्हतं. तुझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा होती त्या आठवड्यात, आणि आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, त्याचं होऊन जाऊ दे. मला वाटलं, आई बरी होईल, मग सांगू. चौथ्या दिवशी ती गेली आणि मी तुला फोन केला. तू धावत आलास, पण नानांच्या हिशेबी तुला चार दिवस आधीच कळलं होतं. त्यांनी तुला सुनावलं तेव्हा मी तिथेच उभी होते, हातात पानांचा गठ्ठा घेऊन. एक वाक्य बोलले असते तर तू जेवून गेला असतास. मी बोलले नाही. त्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी भीती वाटली, आणि मग इतके दिवस झाले की सांगायचं कसं तेच कळेना.

तुला वाटलं त्यांनी उगाच तोडलं, त्यांना वाटलं तू मुद्दाम उशीर केलास. दोघांच्या मधे मी होते. आता नाना ज्या गोष्टीची माफी मागायला निघालेत ती चूक त्यांची नाहीच. हे त्यांना सांगायचं की नाही? डॉक्टर म्हणतात मनाला धक्का नको. न सांगता त्यांना तुझ्यासमोर आणून उभं करायचं, हेही मला जमणार नाही. मला तू सांग, नाहीतर सांगू नकोस, पण मग हे पत्र परत पाठव म्हणजे निदान कळेल.

अनुश्री


२३ सप्टेंबर

यशू,

तुझा फोन आला. “त्यांना सांग,” एवढंच म्हणालास आणि ठेवलास. पुढचं फोनवर सांगवणार नाही, म्हणून परत पत्रच.

सांगितलं. मी स्टूल ओढून समोर बसले आणि सगळं सांगितलं, तुम्ही रोज विचारत होतात आणि मी रोज खोटं बोलत होते. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग ‘अरे’ म्हणाले. हजारदा ऐकलाय तो शब्द, तसा कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी माझ्या हातून जेवले नाहीत. सुनीताजींनी भरवलं. रात्री मी पांघरूण घालायला गेले तर ते काढून टाकलं.

मला वाटलं, आता नागपूर राहिलं. ज्याच्यासाठी जायचं ते कारणच संपलं ना?

सकाळी चहा झाला आणि परत चौकोन.

मी म्हटलं, “नाना, अजून? अहो, चूक माझी होती. तुमची नव्हती.” तर ते चिडले. डावा हात उचलला आणि स्वतःच्या ओठांवर दोनदा आपटला. मग तोच हात दाराकडे नेला, त्या दिवशी तू जिथे चपला घालत होतास तिथे. कळवलं नाही मी, पण तुला ते बोलले होते स्वतःच्या तोंडानं. त्या दोन चुका वेगवेगळ्या आहेत त्यांच्या हिशेबात. माझ्या चुकीनं त्यांची चूक फिटत नाही. मी सहा वर्षं ज्याला एकच समजून भीत होते ते त्यांनी बसल्या जागी वेगळं करून ठेवलं.

त्यानंतर माझ्या हातचे पोहे खाल्ले. फार सेव मागितली, थोडी दिली.

डॉक्टरांनी हो म्हटलंय, खालचा बर्थ आणि गोळ्या वेळेवर या अटीवर. तुझं दसऱ्याचं रिझर्वेशन रद्द कर. तीस तारखेच्या गाडीनं इथून निघून एक तारखेला सकाळी आम्ही पोचतो. गाडी नागपूरलाच संपते, म्हणून उतरण्याची घाई नाही. तू डब्यापाशी ये, व्हीलचेअर सांगून ठेव. ते तीत बसणार नाहीत, पण असू दे. मी मागे राहीन. माझ्याशी त्या दिवशी बोलला नाहीस तरी चालेल, नंतरही नाही बोललास तर मी काही म्हणणार नाही.

नाना हल्ली सुनीताजींबरोबर काहीतरी घोकताहेत. मी खोलीत गेले की थांबतात. सुनीताजीही सांगत नाहीत. कुठला शब्द आहे, किती तयार झालाय, मला काहीच माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

ते तुझ्यासमोर उभे राहतील आणि आधी ‘अरे’च म्हणतील. मग पुढचा शब्द शोधायला लागतील. फार वेळ लागेल. हमाल मधून जातील, लोक बघतील, त्यांचा चेहरा लाल होईल, आणि तुला राहवणार नाही. तुला वाटेल, असू दे नाना, कळलं मला, असं म्हणून त्यांना सोडवावं. तसं करू नकोस. दीड महिना मी त्यांना शब्द पुरवत होते. तू गप्प उभा राहा, त्यांना सापडेपर्यंत.

तुझी ताई